मोटरला निरोप पोचत नाही तेव्हा

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टेनेसी नदीच्या काठी ब्राउन्स फेरी हे अणुवीज केंद्र आहे. १९ ऑगस्ट २००६ रोजी त्याच्या तिसऱ्या संचात अणुभट्टीतून पाणी फिरवणारे दोन्ही पंप बंद पडले. भट्टीतला पाण्याचा ओघ घटला आणि कंट्रोल रूममधल्या माणसांनी नियमाप्रमाणे भट्टी हाताने बंद केली. पंप धडधाकट होते, मोटरी जळल्या नव्हत्या. त्या मोटरींचा वेग कमी-जास्त करणारे दोन ड्राइव्ह ज्या नेटवर्कला जोडलेले होते, त्यावर संदेशांची इतकी गर्दी झाली होती की ड्राइव्हचे कंट्रोलर प्रतिसाद द्यायचेच थांबले. त्याच नेटवर्कवरचा आणखी एक कंट्रोलर, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, तोही त्याच वेळी पडला. त्याने बिघडून गर्दी केली, की गर्दी आधी झाली आणि तिने सगळ्यांनाच पाडलं, हे चौकशीत शेवटपर्यंत पक्कं ठरलं नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने एप्रिल २००७ मध्ये सूचनापत्र काढून ही हकिकत देशातल्या सगळ्या अणुकेंद्रांना कळवली.

माझ्या हाताखाली नवीन मुलगा किंवा मुलगी आली की ते पत्र मी आधी वाचायला देतो. आमचं काम पीएलसी आणि ड्राइव्ह यांच्यातलं बोलणं सुरू करून देण्याचं आणि ते तुटलं की का तुटलं ते शोधण्याचं. अणुकेंद्राच्या फाटकातून आत जायची वेळ आमच्यापैकी बहुतेकांवर कधी येत नाही. बिस्किटाच्या पट्ट्यावर, कागदाच्या मशीनवर, विमानतळावरच्या बॅगांच्या कन्व्हेयरवर नेमकं हेच घडतं. तिथे भट्टी बंद पडत नाही, शिफ्ट बंद पडते, आणि मॅनेजर मेंटेनन्सवाल्याच्या डोक्यावर येऊन उभा राहतो.

मी राहतो टेक्ससमधल्या अर्विंगला. डॅलसला लागून असलेलं हे गाव आपल्याकडच्या लोकांना माहीत आहे ते सॉफ्टवेअरमुळे. मॅकआर्थर बुलेव्हार्डवर किराणा, मिठाई, डोसा सगळं मिळतं, एकता मंदिरात सणासुदीला पार्किंग मिळत नाही. गावातल्याच लास कोलिनास भागात किंबर्ली-क्लार्कचं मुख्यालय १९८५ पासून आहे. कॅटरपिलरने २०२२ मध्ये आपलं मुख्यालय इलिनॉयहून इथेच हलवलं. पोलादवाली कमर्शियल मेटल्सही इथलीच. यंत्रं कुठली घ्यायची, खर्च किती करायचा हे इथे ठरतं आणि मोटरी फिरतात हजारो मैल दूर. त्यातल्या काही आपल्या अगदी ओळखीच्या मुलखात. पुणे जिल्ह्यात सणसवाडीला किंबर्ली-क्लार्क लिव्हरचा कारखाना उभा राहिला, आणि छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला कॅटरपिलरच्याच पर्किन्सचा इंजिनांचा. मुख्यालयातल्या माणसाला फिरणारी मोटर दिसत नाही, ही काही त्याची चूक म्हणता येणार नाही. पण यंत्राच्या खरेदीपत्रात एक ओळ कमी पडली तर ती रात्री दोन वाजता कोणाला भरून काढावी लागते, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पीएलसी आणि ड्राइव्हचं हे बोलणं चालतं कसं ते आधी सांगतो. पीएलसी म्हणजे कारखान्याच्या पॅनेलमधला छोटा, खडबडीत संगणक. डिक मोर्ली आणि त्याच्या साथीदारांनी १९६८ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि १९६९ मध्ये पहिला मोडिकॉन ०८४ तयार झाला. ड्राइव्ह म्हणजे मोटरला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलून तिचा वेग बदलणारं यंत्र. पूर्वी या दोघांमध्ये प्रत्येक कामासाठी वेगळी तार असायची. चालू करायला एक, उलटं फिरवायला एक, वेग सांगायला एक, फॉल्ट परत कळवायला आणखी एक. चाळीस ड्राइव्हची लाइन असेल तर पॅनेलमध्ये तारांचं जंगल. मोडिकॉननेच १९७९ मध्ये मोडबस ही एका केबलवरून बोलण्याची पद्धत आणली. १९८७ मध्ये जर्मनीत एकवीस कंपन्या आणि संस्था एकत्र येऊन प्रोफिबसचं काम सुरू झालं. अमेरिकेत अॅलन-ब्रॅडलीने १९९४ मध्ये डिव्हाइसनेट काढलं. तारांच्या जंगलाच्या जागी मोजक्या बारीक तारांची एक केबल आली. महाराष्ट्रात शिकलेल्या माझ्या पिढीच्या हातांना प्रोफिबसची जांभळी केबल आधी माहीत झाली. तिच्या आत एक हिरवी तार, एक लाल.

प्रोफिबसवर पीएलसी वर्गातल्या मास्तरांसारखा एकेकाची हजेरी घेत जातो. तीन नंबर, बोल. चार नंबर, बोल. हाक मारतानाच काय करायचं तेही सांगतो, आणि ड्राइव्ह उत्तरात आपली अवस्था कळवतो. सीमेन्सच्या ड्राइव्हला आधी ०४७ई हा शब्द द्यायचा, मग ०४७एफ, की मोटर फिरू लागते. वेगाचा आकडा १६३८४ दिला की ठरवलेला पूर्ण वेग. हे फेरे सेकंदात शेकडो वेळा होतात. आणि प्रत्येक ड्राइव्हच्या आत एक घड्याळ चालू असतं. शेवटची हाक ऐकल्यापासून ठरलेल्या मिलिसेकंदांत पुढची आली नाही, तर ड्राइव्ह समजतो की वरचा माणूस गेला, आणि मोटर थांबवतो. सीमेन्सच्या सिनॅमिक्सवर तेव्हा एफ०१९१० हा फॉल्ट येतो.

नवीन माणूस इथेच फसतो. ज्या ड्राइव्हवर फॉल्ट आला तो ड्राइव्ह खराब, असं त्याला वाटतं. वास्तविक त्या ड्राइव्हने फक्त तक्रार केलेली असते. आवाज का आला नाही, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय निरोप चुकला की पीएलसी लगेच रडत नाही, तो पुन्हा हाक मारतो. दुसऱ्या हाकेला उत्तर आलं की काम पुढे चालू, कुठेही नोंद नाही. म्हणून लाइन आज पडली याचा अर्थ बिघाड आज झाला असा नसतो. कित्येकदा तो महिनोन्महिने तिथेच असतो, रोज दोन-चार हाका जास्त खर्च होत असतात आणि एक दिवस सगळ्या हाका संपतात.

केबलचं गणित एकदा समजून घेतलं की अर्ध्या भुतांची भीती जाते. बारा मेगाबिट वेगाने बोलताना एक बिट ८३ नॅनोसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात तो तारेतून सोळा-सतरा मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे शंभर मीटरच्या केबलमध्ये एका वेळी पाच-सहा बिट धावत असतात. केबलच्या टोकाला जर काहीच नसेल तर सिग्नल तिथून आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्यांच्या अंगावर पडतो. म्हणून दोन्ही टोकांना टर्मिनेशन लागतं, दोन तारांमध्ये २२० ओमचा रेझिस्टर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ३९० ओमचे दोन. वेग वाढवाल तशी लांबी कमी. बारा मेगाबिटला १०० मीटर, दीड मेगाबिटला २००, आणि ९३.७५ किलोबिटला उतरलात तर १२०० मीटर. मला अनेक कारखान्यांत असं दिसतं की दीड मेगाबिटने सहज भागलं असतं तिथे कोणीतरी हौसेने बारा ठेवलेला असतो. वेग कमी केला की निम्मी दुखणी तात्पुरती दबतात, आणि ‘तात्पुरती’ हे फळ्यावर लिहून ठेवावं लागतं.

टर्मिनेशनचा खटका कनेक्टरमध्येच असतो. पहिल्या आणि शेवटच्या कनेक्टरवर तो चालू हवा, मधल्या सगळ्यांवर बंद. मधला एखादा चुकून चालू झाला तर बहुतेक कनेक्टरांत पुढे जाणारी केबल तिथेच तुटते आणि त्यापुढचे सगळे ड्राइव्ह एकदम बेपत्ता होतात. याच गुणाचा शोधाला उपयोग होतो. लाइन थांबवून मधल्या ड्राइव्हवरचा खटका मुद्दाम चालू करायचा. अलीकडची निम्मी मंडळी नीट बोलू लागली तर दोष पलीकडे आहे. मग उरलेल्याचे दोन भाग, पुन्हा दोन भाग. महागडा अॅनालायझर नसला तरी या पद्धतीने बऱ्याचदा तासाभरात जागेपर्यंत पोचता येतं. सगळे कनेक्टर ड्राइव्हमधून काढून साध्या मल्टिमीटरने हिरव्या-लाल तारांमध्ये मोजलं तर ११० ओमच्या थोडं वर आकडा यायला हवा. २२० च्या आसपास आला तर एका टोकाचं टर्मिनेशन नाही.

पण सगळं मोजून बरोबर आलं तरी लाइन पडते. डॅलसच्या परिसरातल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात असंच होत होतं. यंत्र जर्मन, केबल जांभळी. लाइन चालू असताना, दिवसातून एकदा किंवा दोनदा, शेवटून दुसऱ्या ड्राइव्हवर फॉल्ट. त्यांनी त्या ड्राइव्हचं कम्युनिकेशन कार्ड बदललं. मग ड्राइव्ह बदलला. मग केबलचा तो तुकडा बदलला. मी गेलो तेव्हा ओम बरोबर, कनेक्टर घट्ट, तारांभोवतीची जाळी, म्हणजे शील्ड, व्यवस्थित. मी बराच वेळ उभा होतो तेवढ्या वेळात फॉल्ट आला नाही, आणि मेंटेनन्सच्या माणसांच्या चेहऱ्यावर ‘आता हा म्हणेल सगळं ठीक आहे’ असा भाव स्पष्ट दिसत होता.

मी पीएलसीतल्या फॉल्टच्या वेळा कागदावर उतरवून घेतल्या. यादी हातात घेऊन फिरत असताना सफाईच्या पाळीवरच्या एका मेक्सिकन बाईंनी ती सहज पाहिली आणि म्हणाल्या, या तर आमच्या कुलपाच्या वेळा आहेत. अमेरिकेत यंत्रात हात घालण्याआधी त्याची वीज तोडून तिथे आपलं कुलूप आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावायची, असा १९८९ पासून कायद्याने नियम आहे. लाइनच्या शेवटी धुवावा लागणारा एक छोटा पट्टा होता. तो धुण्यासाठी या बाई त्याचं पॅनेल बंद करून कुलूप लावत, बाकी लाइन चालू राही. केबलचं शेवटचं टोक त्याच पॅनेलमधल्या ड्राइव्हवर होतं. टर्मिनेशनच्या रेझिस्टरांना काम करायला पाच व्होल्ट लागतात आणि ते त्या ड्राइव्हमधूनच मिळतात. पॅनेल बंद, पाच व्होल्ट गेले, टोक उघडं पडलं. परत येणाऱ्या सिग्नलचा पहिला फटका बसत होता शेजारच्या ड्राइव्हला, आणि तोच बिचारा दर वेळी बदलला जात होता. त्या शेवटच्या पट्ट्याला बंद असण्याची मुभा प्रोग्राममध्ये दिलेली होती, त्यामुळे त्याची तक्रार वर यायचीच नाही.

उपाय साधा होता. टर्मिनेशन त्या पॅनेलमधून काढून स्वतंत्र चोवीस व्होल्टवर चालणाऱ्या वेगळ्या टर्मिनेटरवर नेलं. एवढ्या किमतीच्या लाइनमध्ये तो मुळातच असायला हवा होता. आणि त्या सफाईवाल्या बाईंना ब्रेकडाउनच्या मीटिंगला कोणी कधी बोलावलं नव्हतं, याची मला आजही चुटपुट लागते. त्यांच्याकडची कुलपांची वही आणि पीएलसीतली फॉल्टची यादी एकाच टेबलावर ठेवली असती तर कार्ड, ड्राइव्ह, केबल यांतलं काहीच विकत घ्यावं लागलं नसतं.

आपल्याकडच्या, म्हणजे भारतातल्या, बिघाडांची जात थोडी निराळी. तिथे बहुतेक वेळा चोर असतो मोटरच्या केबलमध्ये. ड्राइव्ह मोटरला वीज देतो ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून. त्या प्रत्येक धक्क्याबरोबर थोडा करंट मोटरच्या अंगातून अर्थिंगमध्ये उतरतो आणि ड्राइव्हकडे परतायला वाट शोधतो. मोटरच्या केबलला चांगलं शील्ड असेल आणि ते दोन्ही टोकांना पूर्ण गोल पकडलेलं असेल, तर तो त्या वाटेने मुकाट परत जातो. नसेल तर मिळेल त्या वाटेने, आणि जांभळ्या केबलचं शील्ड ही त्याला फार सोयीची वाट वाटते.

अशाच एका दुखण्यासाठी चाकणहून फोन आला होता. उन्हाळ्यात अर्विंग साडेदहा तास मागे असतं, त्यामुळे आमच्याकडे सकाळ आणि तिकडे दुसरी पाळी.

“सर, नेटवर्कच्या फॉल्टचा, बीएफचा, लाल दिवा लुकलुकतोय. रिसेट केला की जातो, दहा मिनिटांनी परत.”

“मोटर चालू असतानाच येतो, की बंद असतानाही?”

“चालू असतानाच. स्पीड वाढवला की लगेच.”

“गेल्या महिन्याभरात मोटरकडची केबल बदलली का हो कुणी?”

पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागे कुणाला तरी विचारल्याचा आवाज आला. “हो सर. उंदरांनी खाल्ली होती. स्टोअरला शील्डवाली नव्हती, साधी चार कोअरची टाकली.”

“आणि ट्रे?”

“ट्रे एकच आहे सर. प्रोफिबसपण त्यातूनच जातंय.”

त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवला. साधी काळी केबल आणि जांभळी केबल एकाच ट्रेमध्ये शेजारी-शेजारी, वर टायने एकत्र बांधलेल्या. पॅनेलच्या तोंडाशी जांभळीच्या शील्डची वेणी वळून ती एका स्क्रूखाली दाबलेली. दिसायला नीटस. पण मोठ्या वारंवारतेच्या करंटला ती बारीक वेणी म्हणजे बंद दरवाजाच. शील्ड सोलून त्यावर पत्र्याची पकड बसवली तरच ते काम करतं. शील्डवाली केबल येईपर्यंत जांभळी केबल वेगळ्या वाटेने, ट्रेपासून हातभर लांब न्यायला सांगितली. पाळी संपायच्या आत त्यांनी ती नेली आणि लाल दिवा थांबला. त्या टेक्निशियनचं आयटीआयचं शिक्षण, इंग्रजी मॅन्युअल वाचताना अडखळणं, यातलं काहीच आड आलं नाही. ‘स्पीड वाढवला की लगेच’ हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. बिघाडाच्या शोधात याहून मोलाची वस्तू मला माहीत नाही.

निरोप न पोचल्याचं एक मोठं उदाहरण आमच्या जवळचंच. अर्विंगपासून जवळ कॅरलटन नावाचं गाव आहे. तिथल्या बीएई ऑटोमेटेड सिस्टिम्स या कंपनीने डेन्व्हरच्या नव्या विमानतळासाठी बॅगा वाहून नेणारी स्वयंचलित यंत्रणा उभारायचं कंत्राट घेतलं होतं. सुमारे १९ कोटी ३० लाख डॉलरचं. रुळांवर धावणाऱ्या हजारो छोट्या गाड्या, त्यांना ढकलणाऱ्या लिनिअर मोटरी, शंभराच्या घरात संगणक. १९९४ च्या चाचण्यांत बॅगा चिरडल्या, रुळांवर सांडल्या. पट्ट्याच्या तोंडाशी बॅगांचा ढीग झाला तरी फोटोसेलला तो दिसायचा नाही, मागच्या पट्ट्याला ‘थांब’ हा निरोप जायचा नाही आणि बॅगा पडतच राहायच्या. लाइन थांबवून पुन्हा सुरू केली की पट्टा आणि गाडी यांची वेळ जुळायची नाही. विमानतळ १६ महिने उशिरा, २८ फेब्रुवारी १९९५ रोजी उघडला, आणि जेवढी यंत्रणा चालली तीही युनायटेड एअरलाइन्सने २००५ मध्ये बंद करून टाकली. कारणांची यादी लांब आहे, पण त्यातला मला जवळचा वाटणारा भाग हाच. निरोप आला नाही, याचा अर्थ तिथे ‘सगळं ठीक’ असा लावला गेला होता.

आता नव्या कारखान्यांत जांभळी केबल कमी होत चालली आहे. ड्राइव्ह थेट इथरनेटवर येतात, टर्मिनेशनची कटकट नाही, लॅपटॉपवर सगळं नेटवर्क दिसतं. पण मग ब्राउन्स फेरीसारखी दुखणी येतात. तिथे उपाय म्हणून फायरवॉल बसवून ड्राइव्हच्या कंट्रोलरांपर्यंत जाणारी वर्दळ मर्यादित केली गेली. आमच्याकडे याचंच छोटं रूप दर महिन्याला दिसतं. कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं नेटवर्कच्या एकाच स्विचमध्ये घालून वर्तुळ करतं आणि निरोप गोल-गोल फिरत राहतात. कोणी दोन ड्राइव्हना एकच पत्ता देतं. ड्राइव्हच्या आतला प्रोसेसर लहान असतो. ऑफिसच्या संगणकाला जी गर्दी जाणवतही नाही, ती त्याला झोपवते.

स्टक्सनेटची गोष्ट याच्याही पलीकडची. २०१० मध्ये सापडलेल्या या व्हायरसचं लक्ष्य होतं इराणमधलं युरेनियम समृद्धीकरण. तो शोधत होता प्रोफिबसवर जोडलेले दोनच कंपन्यांचे ड्राइव्ह, फिनलंडच्या व्हॅकॉनचे आणि इराणच्याच फरारो पायाचे, तेही ८०७ ते १२१० हर्ट्झवर चालणारे. सापडले की दीर्घ काळ दबा धरून बसायचं आणि मग त्यांना १४१० हर्ट्झ, नंतर २ हर्ट्झ, नंतर १०६४ हर्ट्झ असे हुकूम द्यायचे. इंजिनिअरने प्रोग्राम उघडून पाहिला तरी घुसवलेला भाग त्याला दिसत नसे. केबल उत्तम, टर्मिनेशन जागेवर, एकही निरोप चुकलेला नाही, आणि ड्राइव्ह इमानेइतबारे मिळालेला हुकूम पाळतोय. अशा बिघाडात मल्टिमीटर हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाने काय शोधावं? मोटरजवळ कान लावावा, हेच उत्तर मला सुचतं. पडदा काय म्हणतो आणि यंत्राचा आवाज काय म्हणतो, यांचा मेळ बसतो का ते पाहायचं. जुने फिटर हे करत असत.

मला मुख्यालयातल्या लोकांशी बोलायची संधी मिळते तेव्हा मी केबलबद्दल फार बोलत नाही. मी एकच विचारतो. निरोप थांबला तर ही मोटर काय करणार, हे तुमच्या कागदावर कुठे लिहिलंय? ड्राइव्हमध्ये ते निवडता येतं. लगेच वीज तोडून मोटर मोकळी सोडायची, सावकाश वेग उतरवून थांबायचं, की शेवटच्या वेगाने चालत राहायचं. कन्व्हेयर थांबलेला बरा. क्रेनवर मोटर मोकळी सोडताना ब्रेक आधी लागलेला हवा. भट्टीला गार ठेवणारा पंखा थांबला तर भट्टी जाते, म्हणून त्याने चालतच राहावं आणि फक्त ओरडावं. किती वेळ वाट पाहायची तेही ठरवावं लागतं. पन्नास मिलिसेकंद ठेवले तर जरा काही झालं की लाइन पडेल, पाच सेकंद ठेवले तर तेवढा वेळ मोटर कोणाच्याही ताब्यात नसेल. यंत्र बनवणाऱ्याने काही न विचारता कारखान्यातून आलेले आकडे तसेच ठेवलेले असतात, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणी उघडून पाहिलेलेही नसतात.

अलीकडे आम्ही यंत्र ताब्यात घेताना एक तक्ता भरून घेतो. प्रत्येक ड्राइव्हपुढे त्याचा पत्ता, टर्मिनेशनला वीज कुठून येते, निरोप थांबल्यावर तो किती वेळाने काय करतो, आणि हे कोणी ठरवलं. मग यंत्र बनवणाऱ्यासमोर, मोटरी फिरत असताना, एकेक कनेक्टर हाताने उपसून पाहायचा आणि तक्त्यात लिहिलंय तसंच घडतं का ते बघायचं. चाकणच्या त्या टेक्निशियनने तक्त्यात स्वतःहून एक रकाना वाढवला आहे, मोटरची केबल शेवटची कधी बदलली आणि कोणती टाकली याचा. आम्ही तो डॅलसच्या तक्त्यातही घेतला, आणि त्याच्या शेजारी सफाईच्या कुलपाच्या वेळांचा.